मेंढ्याचं कारण कुणी विचारलं नव्हतं

विनायककाकांचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी आटपाडीत शाळेवर होते. "तुझा मामा गेला गं," म्हणाले. "घरी तूच सांग. माझं कोण ऐकून घेणार?" मामा साताऱ्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. काका त्याचे जोडीदार. आमच्या घरात त्यांना 'भाडेकरू' म्हणत.

आमचं आजोळ मेंढरांचं. मामाच्या लहानपणी आज्याच्या कळपात एक दांडगा मेंढा होता. माद्यांकडं ढुंकून बघायचा नाही, दुसऱ्या मेंढ्याच्याच मागं मागं. व्यापारी म्हणाला, "फुकट खातंय, इकून टाका." आजा म्हणाला, "आसतंय एखादं. ऱ्हाऊ दे." मेंढा म्हातारा होऊन मेला. त्याच्या गळ्यातली घंटी मामानं साताऱ्याला नेऊन दाराला टांगली.

आज्याच्या त्या 'आसतंय एखादं'वर मामानं फार भिस्त ठेवली. एका दिवाळीत, काकांना घरी आणायचंय म्हणून, त्यानं सगळं सांगून टाकलं. "आबा, तुमच्या त्या मेंढ्यागत हाय मी. जल्मापास्नं." आजा म्हणाला, "ते जनावर हुतं." आजीनं विचारलं, "म्हंजे माझ्याच पोटात कायतरी बिघाडलं व्हय रं?" मामा पडला मास्तर. बिघाड नाही, एकच एक कारणही नाही, थोडं रक्तातलं, थोडं गर्भातलं, असं समजावत बसला. आणि आधी मोठे भाऊ असले तर धाकटा असा असण्याची शक्यता किंचित वाढते, हेही बोलून गेला. मामा चार भावांतला धाकटा. आजीनं तेवढंच धरलं. "मग तिसऱ्यावरच थांबाया पायजे हुतं," म्हणाली, त्याच्यासमोर.

स्टँडवर मी सोडायला गेले. मामा म्हणाला, "मी शास्त्र सांगितलं, तिनं गुन्हा कबूल केला. मेंढ्याचं कारण कुणी इचारलं हुतं गं?" काका घरी कधी आलेच नाहीत, आणि त्यानंतर मामाही सणापुरताच यायचा.

माझ्या आईबापाच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, तीही मामानं मागं लागून घ्यायला लावलेली. दहाव्याला लोक म्हणत होते, "पोरंबाळं न्हाईत, पण भाचीचं कल्याण केलं." शास्त्रातही तसा एक तर्क आहे : बिनलेकराचा मामा भाचरांना हात देतो, म्हणून असली माणसं उत्क्रांतीत टिकली. मामा त्यावर हसायचा. "म्हंजे तू पास झालीस तर मी पास व्हय?" मला तो तर्क पटत नाही. मी नापास झाले असते तरी त्याला जगायचा हक्क होता.

दहावा झाल्यावर थोरले मामे साताऱ्याला जाऊन फ्रीज, कपाट, पलंगसुद्धा घेऊन आले. काकांना कुणी विचारलं नाही. घंटी तेवढी दाराला राहिली. मी गेले तेव्हा काकांनी दार उघडलं आणि ती वाजली... आत चटईवर बसून आम्ही चहा घेतला.

परवा आजा म्हणाला, "त्या मेंढ्याची घंटी कुठं गेली गं? लय गुणाचं जनावर." पोराचं नाव नाही काढलं.

"घरात हाय," मी म्हणाले. कुणाच्या, ते त्यानं विचारलं नाही.