समोरची जागा

आमच्या घरी गाडी आली ती माझ्या पोटातल्या लेकरासाठी, असं माझे सासरे मरेपर्यंत सांगत होते. येणाऱ्याला सांगत, जाणाऱ्याला सांगत, मी समोर असले तरी सांगत. मी चुलीपुढे बसून भाकर उलटत राहायची आणि एक शब्द बोलायची नाही. पण गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, म्हणून आज बोलते.

माझा पहिला मुलगा फाट्यावर गेला. माझं माहेर झरीकडच्या जंगलात. वडील आणि भाऊ लाकूडतोडीला जायचे, गावाला सडक नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं मी तिथं होते. मूल महिन्याचंही झालं नव्हतं, तेव्हा त्याला ताप भरला आणि ते दूध ओढेना. भावानं बैलगाडी जुंपली. पांढरकवड्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून आम्ही फाट्यावर येऊन मोहाच्या झाडाखाली बसलो. एसटी दिवसातून एकदाच यायची. त्या दिवशी ती आली नाही. काहून आली नाही, ते कोणी सांगितलं नाही आणि मीही पुढे कधी विचारलं नाही. ऊन कलेपर्यंत वाट पाहिली. लेकरू मांडीवरच थंड पडलं, आणि भावानं बैल पुन्हा गावाकडे वळवले.

माझा नवरा तेव्हा मालट्रकवर ड्रायव्हर होता आणि हैदराबादकडे गेला होता. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो माझ्याजवळ भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "आता आपली सोताची गाडी राहीन. दुसऱ्या लेकराले मी कोनाची वाट पाहू देनार नाई." त्या एका बोलण्यावर मी पुढची दोन वर्षं काढली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला तो माणूस देवासारखा वाटला. आणि देव तर आमच्या घरातून केव्हाच गेले होते.

ते गेले कसे, हेही सांगायला हवं. छप्पन साली सासरे वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला गेले आणि धम्म घेऊन आले. आल्या पावली त्यांनी कोनाड्यातले सगळे देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. सासू दारात उभी राहून रडत होती. मी नवी सून होते, मला आतून आनंदच झाला, कारण त्या देवांची भांडी मलाच घासावी लागत. सासरे अंगणात उभे राहून म्हणाले, "या घरात इटाळ हा शबूद पुन्ना आयकू आला त जीभ हासडीन." उगाच नव्हते म्हणत. बाजारातल्या हॉटेलात त्यांच्यासाठी कान तुटलेला कप बाहेर खुंटीला टांगलेला असायचा. स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा, पुन्हा टांगायचा. त्या कपाची गोष्ट त्यांनी मला कितीदा तरी सांगितली होती. मला त्या म्हाताऱ्याचा फार अभिमान होता. त्यामुळेच पुढचं जास्त लागलं.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि नवऱ्यानं गाडीची गोष्ट खरीच मनावर घेतली. हैदराबाद रस्त्याला एका मुसलमान मिस्त्रीचं गॅरेज होतं, आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणायचो. त्यांच्याकडे दोन गाड्या विकायला होत्या. एक जुनी चार दारांची मोटर, मागच्या सीटवर बाई पाय पसरून निजेल अशी. दुसरी मिलिटरीनं लिलावात काढलेली पिकप. समोर तिघांपुरती एक लांब सीट आणि मागं उघडा हौदा. गाडी पाहायला सारं घर निघालं. जिच्यासाठी गाडी, तिला घरी कसं ठेवायचं, म्हणून मलाही नेलं.

सासूनं मोटरीला बोटही लावलं नाही. "मोटर मालकाईले शोभते," ती म्हणाली. "आपुन तिच्यात बसलो त लोकं हासतीन."

सासरे पिकपच्या भोवती दोनदा फिरले. "हिच्यात कापूस नेता येते. वस्तीतला बिमार नेता येते. सभेले मान्सं नेता येतेत. अन् लेकरू त येतेच."

लेकरासाठी घ्यायच्या गाडीत लेकरू शेवटी चढलं, ते मी तेव्हाच ऐकलं. पण ते म्हणाले त्यात चूक काय होतं? वस्तीतल्या बिमार माणसाला कोणी आपल्या बैलगाडीत घेत नसे, हे मलाही माहीत होतं. नवऱ्यानं तर घरची खाट ढकलगाडीवर घालून आणली होती. ती हौद्यात ठेवून पाहिली आणि पोरासारखा ओरडला, "मावते!" त्याला वाटलं, सगळा प्रश्न सुटला.

मिस्त्रीचाचा हात पुसत उभे होते. ते माझ्याकडे वळले. "बेटी, बैठना तेरे को है. तू बोल, कौनसी अच्छी?"

सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नसतं. तरी मी उघडलं. म्हटलं, "मोटर."

सासू हसली. सासऱ्यांना ऐकूच आलं नाही, म्हणजे त्यांनी तसं ठरवलं. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "अवो, मोटरीत तुले मागं बसा लागलं असतं. पिकपमंदी तू समोर बसशीन, माह्या बाजूले. तू अन् लेकरू. खाट बिमार मानसासाठी हाय." त्यानं असं म्हटल्यावर मी विरघळले. तेवढी समज तेव्हा कुठून असणार! निघताना मिस्त्रीचाचा त्याला बजावून म्हणाले, "जच्चा-बच्चा को आगे बिठाना. पीछे झटके बहोत लगते."

त्यानंतर ती समोरची जागा मी घरासारखी सजवली. सीटची स्प्रिंग एका ठिकाणी वर आली होती, तिच्यावर घालायला जुन्या लुगड्यांची जाड गादी शिवली. पायाशी पत्र्याला भोक होतं, तिथून वारा यायचा, त्यात गोणपाट कोंबलं. खिडकीची काच अर्धीच वर जायची, उरलेल्या अर्ध्या भागाला कापडाचा पडदा केला. एका संध्याकाळी नवऱ्यानं मला नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणलं. मी समोर बसले होते, पोटावर हात ठेवून. मला वाटलं, आता आपल्याला कोणी वाट पाहायला लावणार नाही. इतकी खुळी होते मी. सासऱ्यांनी त्याच आठवड्यात कॅबिनमध्ये बुद्धाची तसबीर बसवली आणि तिला कागदी फुलांची माळ घातली. मला तेही आवडलं.

दुसरं बाळंतपणही माहेरीच झालं, आई ऐकेना. मुलगी झाली. ठणठणीत होती, भुकेली होती, रडून घर डोक्यावर घ्यायची. सव्वा महिना झाल्यावर न्यायला येऊ, असं ठरलं होतं. पण कापसाचा हंगाम तोंडावर आला. एकदा कापूस भरायला लागला की गाडी मोकळी मिळणार नाही, म्हणून बारसं होताच निरोप आला की आम्ही फाट्यावर येतो, बाळ-बाळंतिणीला तिथपर्यंत आणा. पोरीसाठी घेतलेली गाडी कापसाच्या सवडीनं निघाली. चालायचंच, मी म्हटलं. निदान निघाली तरी.

भावानं पुन्हा तीच बैलगाडी जुंपली. फाटा तोच, मोहाचं झाड तेच. मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. पण या वेळी झाडाखाली आमची पिकप उभी होती. ती पाहिली आणि मला रडू फुटलं. पोरीला म्हटलं, पहा, तुझ्या बापानं आणली.

जवळ गेले. समोर, माझ्या गादीवर, सासू बसली होती. तिच्यापलीकडे खिडकीशी सासरे. नवरा बॉनेट उघडून पाणी घालत होता. मागं हौद्यात सरपणाच्या मोळ्या रचल्या होत्या, आणि फाळक्याला, हौद्याच्या मागच्या झडपेला, एक शेळी बांधली होती. शेळी वाटेतल्या गावात घेतली होती. तीही पोरीच्या दुधासाठीच, असं कळलं.

मला वाटलं, सासू उतरेल. ती उतरली नाही. म्हणाली, "मागं पोतं आथरलं हाय. मोळीले टेकून बसजो. थंडी वाजली त ताडपत्री घेजो."

"पोरीले घेऊन मागं?" मी विचारलं.

"सोयर फिटली काय तुही?" बाळंतपणाच्या विटाळाला आमच्याकडे सोयर म्हणतात. ती सव्वा महिना चालते.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस जीभ हासडणार. त्यांनी खाकरून घसा साफ केला. इटाळ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, तेवढं व्रत पाळलं. ते तसबिरीकडे बघत म्हणाले, "तसबिरीसमोर बरं नाई दिसत, बाई. थोड्या वेळाची त गोष्ट हाय."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी तो पीळ मला बोटानं दाखवता आला असता. तुटक्या कानाचा कप माझ्या डोळ्यांपुढे आला. तो आता माझ्यासाठी टांगला होता, आणि टांगणारा हात कोणाचा, तर त्याच म्हाताऱ्याचा. देव नदीत बुडवायला हिंमत लागते, ती त्यांच्यात होती. समोरच्या सीटवरून उठायला लागते ती नव्हती.

पण त्यांचा राग मला नवऱ्याइतका आला नाही. मी बॉनेटजवळ गेले. "तुमी काय म्हनता?" मी विचारलं.

तो पाणी ओतत राहिला. रेडिएटर भरून वर सांडलं तरी ओतत राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आता कायले इषय वाढवतं? बस ना. मी हळू चालवतो."

तेवढ्यात लांबून सासरच्या गावावरून जाणारी एसटी येताना दिसली. ज्या दिवशी हवी होती त्या दिवशी न आलेली एसटी आज अगदी वेळेवर, धूळ उडवत येत होती. मी भावाला म्हटलं, हात दाखव. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि हात वर केला.

सासूला तेव्हा कंठ फुटला. "घरची गाडी असून एसटीनं येतं? लोकं काय म्हनतीन?"

"शेळीले समोर घ्या," मी म्हटलं. "तिले सोयर नाई." असं मी सासूला उभ्या जन्मात दुसऱ्यांदा बोलले नाही. तेवढं एकदा बोलले, ते पुरलं.

एसटीत चढले. मागं एक जागा रिकामी होती, मी तिकडे निघाले. कंडक्टरनं माझ्या कुशीतल्या फडक्यात डोकावून पाहिलं आणि समोरच्या बाकावरच्या दोघा माणसांना उठवलं. "बाई ओली बाळंतीन हाय, मागं झटके लागतेत," तो म्हणाला. ते उठले. मी कोण, कुठली, कोणत्या जातीची, किती दिवसांची, कोणी विचारलं नाही. शेजारच्या बाईनं सरकून पोरीच्या पायांवर आपला पदर घातला. पिकप सगळी वाट आमच्या मागं मागं येत राहिली. अधूनमधून हॉर्न वाजायचा. कंडक्टरनं विचारलं, "ते गाडी तुमच्यासाठी वाजवून राह्यली काय?" मी नाही म्हटलं, आणि पोरीला पदराखाली घेतलं.

 दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे तणतणत अंगणात गेले. या तसबिरीपायी घरात भांडण नको, असं सगळ्या वस्तीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. म्हणजे दोष तसबिरीचा ठरला. कॅबिनमधून त्यांनी ती काढली, धोतरानं पुसली आणि घरात आणली. आमचं घर एका खोलीचं. भिंतीला खिळा एकच, कंदिलाचा, आणि तो माझ्या बाजेच्या बरोबर समोर. सासऱ्यांनी कंदील उतरवून खाली ठेवला आणि तसबीर तिथं टांगली. माळ सरळ केली, दोन पावलं मागं होऊन पाहिली आणि कापूस भरायला निघून गेले.

सव्वा महिना पुरा होईपर्यंत मी त्या तसबिरीसमोर पोरीला पाजलं, न्हाऊ घातलं, तिची दुपटी वाळत घातली. सासू रोज तिथंच बसून जेवली. फाट्यावर आडव्या आलेल्या सोयरीचं नाव घरात कोणी काढलं नाही. गाडी पुढे बरीच वर्षं आमच्या दारात राहिली, पण मी तिच्या समोरच्या जागेवर पुन्हा बसले नाही. गादी आणायलासुद्धा गेले नाही.