अक्षय चौकात कशाला गेला होता?

फोन आला तेव्हा मी गिरणीत दळण घेऊन उभी होते. घरघरीत ‘अक्षय’ आणि ‘लवकर या’ एवढंच कानावर पडलं. वाटलं, गाडीवरून पडला असेल. पिठाचा डबा तिथंच टाकून घरी पळाले. खर्ड्याहून नगरच्या दवाखान्यापर्यंत सासूबाई एकच विचारत होत्या, “हाताला लागलंय का पायाला?” पोचलो तेव्हा विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो कामाला होता त्या सुप्याच्या चौकात दोन टोळक्यांची मारामारी झाली होती, आणि माझा धाकटा दीर पोटात वार लागून गेला होता…

दीड महिना होत आला. शेजारणी विचारतात, “असा कसा वाया गेला गं?”

मी लग्न होऊन आले तेव्हा तो सातवीत होता. एवढ्याशा पोराला ‘भाऊजी’ म्हणायला जीभ वळेना, म्हणून मी अक्षयच म्हणायचे. राग नाकावर. एकदा वर्गातल्या एकानं त्याच्या मेलेल्या वडिलांवरून काहीतरी म्हटलं, तर यानं दगड घालून त्याचं डोकं फोडलं. आणि मग त्यालाच सायकलवर डबलसीट बसवून डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळी दोघांच्याही शर्टाला रक्त. सासूबाईंनी झोडपला, तर म्हणाला, “लई रक्त येत हुतं, मग न्यायला नको?” तेव्हा आम्ही हसलो होतो.

बारावीनंतर तो सुप्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला लागला. पहिल्याच वर्षी मुकादमानं सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी सुप्यातलाच कुणी ‘दादा’ चार पोरं घेऊन गेटवर आला आणि मुकादमाला माफी मागायला लावली. तिथून अक्षय त्या दादाचा झाला. मग दादाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, त्यात गॉगल लावलेला आमचा अक्षय. तलवारीनं केक कापतानाचा व्हिडिओ तर सगळ्या खर्ड्यानं पाहिला.

दिवाळीला आला तेव्हा जेवतानाच आमच्या यांनी तो विषय काढला. शब्दाला शब्द वाढला आणि यांनी त्याच्या कानशिलात लगावली. मला वाटलं, आता हा ताट भिरकावणार. त्यानं खाली मान घालून राहिलेली भाकरी संपवली, उठून स्वतःचं ताट घासलं आणि अंगणात आईचे पाय चेपत बसला. मी जवळ जाऊन म्हटलं, “अक्षय, सोड ती संगत. तुझ्या आईकडं बघ.”

“वहिनी, तुमी उगं घाबरता. मी नुसता मागं उभा राहतो.”

“मागं उभं राहणाऱ्यालाही लागतं रे.”

त्यानं आईचा दुसरा पाय मांडीवर घेतला. मग म्हणाला, “मुकादमानं मला मारलं तवा माझ्या मागं कोन हुतं, सांगा?”

त्या दिवशी नेमकं काय झालं, हे प्रत्येकजण वेगळं सांगतो. पोलीस म्हणतात, पहिला हात त्यानंच उचलला. त्याचा मित्र शपथ घेऊन सांगतो की तो भांडण सोडवायला मधे पडला. चौकातल्या चहावालीला मी स्वतः जाऊन भेटले. बाई रडायलाच लागली. “वरडत हुता ओ ताई. ‘सोडा त्याला’ म्हणला का ‘सोडू नका’ म्हणला, गोंधळात ऐकूच आलं न्हाई. खोटं कशाला बोलू?” तिचा हात धरून मी नुसती उभी राहिले. एक शब्द ऐकू आला असता, तर आम्ही त्याच्यावर रागावलो असतो, नाहीतर त्याचा अभिमान तरी धरला असता. आता दोन्ही करता येत नाही. हे रात्री उठून बसतात. “दिवाळीला मारायला नको हुतं गं,” म्हणतात. आणि लगेच, “का अजून मारायला पाहिजे हुतं?”

मागच्या आठवड्यात त्याची भाड्याची खोली रिकामी करायला गेलो. पलंगाखालचा कोयता पोलिसांनी आधीच नेला होता. खुंटीवर कारखान्याचा शर्ट, इस्त्री केलेला. स्टोव्हशेजारी ओल्या फडक्यात बांधून ठेवलेली मटकी. फडकं कडक झालं होतं. मोड लांब फुटून त्यातून बाहेर आले होते आणि काळे पडून वाळले होते.

मी ती टाकायला उचलली. सासूबाईंनी माझ्या हातातून घेतली.

“दुसऱ्या दिवशीच्या डब्याची असंल,” त्या म्हणाल्या. “म्हंजी खोलीवर माघारी यायचं हुतं त्याला.”

घरी आल्यावर त्यांनी ती पुरचुंडी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. स्वयंपाक करताना ती डोळ्यांसमोर असते. टाकून द्या, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.