पाहून राहिले का करून राहिले?

इतकी वर्षं हे सांगायचं टाळत आलो. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही... पण आता सत्तरी उलटली.

फुलचूरच्या एका खासगी दवाखान्यात मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. दोन सर्व्हर — एक मुख्य, दुसरा स्टँडबाय. मुख्य बंद पडला की स्टँडबायला त्याच्या जागी आणणारी कमांड मीच लिहिली होती. नुसती कमांड टाइप करून एंटर मारला की थेट बदल! फक्त तपासायचं असेल तर पुढे वेगळा ऑप्शन लिहायचा.

सौंदडचा मुरली ऑपरेटर होता. म्हणाला, "साहेब, उलटं ठेवा ना. नुसती कमांड मारली त ऑप्शनची यादी दिसावी. मानूस आधी पाह्यते, मंग करते."

"काऊन बे, जेवाले बसला का बायकोलेबी यादी मागतं का?" मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला.

एका दुपारी ऑप्शन आठवेना म्हणून त्याने इतर कमांडच्या सवयीने नुसती कमांड मारली — यादी दिसेल म्हणून. मुख्य सर्व्हर चालूच होता. आता दोन्ही स्वतःला मुख्य समजू लागले. अर्ध्या पेशंटचे रिपोर्ट इकडे, अर्ध्यांचे तिकडे. मालकांनी विचारलं, "गलती किसकी है?" मी मुरलीकडे बोट दाखवलं. "अक्कलच नाही याला," असंही म्हणालो. त्याच संध्याकाळी त्याला काढलं.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा मुख्य सर्व्हर माझ्या स्क्रीनवर दिसेनासा झाला. मी घाईने तीच कमांड मारली... बदल झाला नाही. स्क्रीनवर ऑप्शनची यादी आली, जी मी कधी लिहिलीच नव्हती. खाली इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ. शेजारी बसलेल्या ऑपरेटर सुषमाने ती मोठ्याने वाचली —

"साहेब, पाहून राहिले का करून राहिले?"

मग माझ्याकडे बघत म्हणाली, "सर... हे त मुरलीभाऊचं बोलनं आहे."

मी कीबोर्डवरून हात काढले. तेवढ्यात कळलं, फक्त नेटवर्कची केबल निघाली होती. मुख्य सर्व्हर चालूच होता. प्रोग्राम उघडून पाहिला. यादी नाही, ती ओळ नाही, कोणी हात लावल्याची खूणही नाही. रात्री मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून चाचणी घेतली तर कमांडने पूर्वीसारखा थेट बदल केला. आजही मला याचा उलगडा नाही.

त्या रविवारी सौंदडला गेलो. मुरली उन्हाळी धानाच्या कापणीवरून नुकताच आला होता. मला पाहताच त्याने हात जोडले.

"साहेब, माह्या चुकीनं तुमचं नाव खराब झालं. माफ करा."

आणि मी म्हणालो, "जाऊ दे मुरली, माफ केलं."

चहा पिऊन परतलो. पुढे काविळीने तो गेला.

'चूक तुझी नव्हती मुरली, माझी होती' — एवढंच सांगायला मी गेलो होतो.