नानांनी भरलेली कॉइल

मी खोटं बोलत नाही, असं मी अजूनही लोकांना सांगतो. पण बापाशी मी महिनाभर खोटं बोललो, तेही एका गिटारपायी.

माझे वडील, म्हणजे नाना, विंचूरला मोटारी भरायचे. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, तांब्याची नवी तार वेढायची आणि पुन्हा चालती करून द्यायची, यात त्यांचा जन्म गेला. मग साखरेनं डोळे अधू झाले, दुकान बंद झालं आणि मी त्यांना नाशिकला आमच्या फ्लॅटवर आणलं. इथे ते दिवसभर गॅलरीत बसून राहायचे. जेवायला बोलावलं की, "भूक नाय."

मी नोकरी सांभाळून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. एकदा तिचा पिकअप गेला. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चपटी डबी; आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. नानांनी ती चाचपून पाहिली.

"ही तर कॉइल हाय. नवी कशाला घेतो? मी भरून देतो."

मोटारीची तार जाड पडते म्हणून त्यांनी विहिरीची मोटार चालू करायच्या एका जुन्या स्टार्टरमधली बारीक तार उकलून घेतली. तीन आठवडे बोटांच्या अंदाजानं वेढे घालत होते. तार तुटायची, ते शिव्या घालायचे, पुन्हा जोडायचे. त्या तीन आठवड्यांत ते दोन्ही वेळा पोटभर जेवले.

मी तो पिकअप बसवला आणि हेडफोन लावून वाजवून पाहिलं. आवाज घसा बसलेल्या माणसाचा, आणि त्यावर अखंड घरघर. नाना समोर बसून माझ्या तोंडाकडे कान लावून होते.

"एक नंबर, नाना!" मी म्हणालो.

तेव्हाच खरं सांगितलं असतं तर दोघांनी मिळून पुन्हा भरला असता. पण लग्नाच्या तारखा तोंडावर आल्या होत्या आणि माझ्यात धीर नव्हता. मी मोबाइलवर नवे पिकअप धुंडाळत बसलो. एकाचा आवाज भरदार, एकाचा टोकदार. एकाचं चुंबक आवडलं तर त्याची डबी आमच्या खाचेत बसेना. शेवटी एक मागवला. बायको नानांना डोळे तपासायला घेऊन गेली त्या सकाळी नानांनी भरलेला काढला, नव्याच्या दोन वायरी सोल्डर केल्या, स्क्रू आवळले. सोल्डरिंग मला नानांनीच शिकवलं होतं. त्यांची कॉइल मोज्यात गुंडाळून कपाटात लपवली.

संध्याकाळी मोठ्यानं वाजवून दाखवलं. नाना खुळ्यासारखे हसले. सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना सांगत सुटले, "पोराचं वाद्य माझ्या कॉइलवर चालतं." विंचूरला फोन करून तार मागवली. मला म्हणाले, "आजून कुनाचं आसंल तर घेऊन ये. हात चालतोय माझा." मी मान डोलावली.

महिना झाल्यावर ते तारेचा रोध मोजायचा त्यांचा काट्याचा मीटर घेऊन आले; कॉइलला वेढे जास्त, तर आकडा मोठा. भरून दिलेली मोटार महिन्यानं तपासायची, ही त्यांची दुकानातली रीत. मला आवाजाचं बटण पूर्ण फिरवायला लावलं आणि गिटारला लावलेल्या केबलच्या टोकाला मीटरच्या पिना टेकवल्या.

"काटा कुठं थांबला? मला दिसंना."

मी बेसावध होतो. जे दिसलं ते बोलून गेलो. "दहाच्या थोडा पुढे."

नानांनी पिना तशाच धरून ठेवल्या. "भरली तवा सहा व्हतं. शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं व्हतं."

"तापून फरक पडला असेल, नाना."

"तापल्यावर वेढे जळत्यात. वाढत नसत्यात."

एवढंच. चिडले नाहीत. चिडले असते, एखादी लगावली असती, तर मला बरं वाटलं असतं. वायरी नीट गुंडाळून ते गॅलरीत जाऊन बसले. मला माझी इतकी किळस कधीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टीव्हीचा रिमोट चालेना. नानांनी मीटरमधले सेल काढले आणि बायकोच्या हातावर ठेवले. "घे पोरी. मला आता कशाला लागत्यात."

मी ताट वाढून त्यांना बोलवायला गेलो.

"भूक नाय," नाना म्हणाले.