आपल्या जिनमध्ये म्हणे एकही पोर नाही

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर कालच मी ठणकावून लिहिलं होतं, की धोक्याच्या कामाला पोरं लावतात ती हद्दीपलीकडच्या संस्थानात. आपल्या इंग्रजी मुलखात कायदा आहे. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनचे आपले शेटजी तसा शब्दच देऊन बसले होते.

आज खापर गावचा बाजार उरकून हद्दीपलीकडे बहिणीकडे निघालो. तिथल्या जिनच्या दारात माझ्याच वर्गातली शेवंती उभी! केसांत कापसाचा भुगा, बोटाला रक्ताळलेली चिंधी.

"तू इथं कशी गं?"

"गुरुजी, आज आपला जिनमा सायब तपासाले येनार शे. शेटजीनी आमले गाडीमा बठाडीसन आठे धाडं. आठे सायब उना म्हंजे आठला पोरं आपलाकडे येतस."

म्हणजे साहेब ज्या बाजूला तपासणीला, पोरं त्या दिवशी हद्दीच्या दुसऱ्या बाजूला; दोन्ही राज्यांच्या कागदावर पोरं शून्य, आणि बोटं दोन्हीकडे कापली जातात. आणि मी मूर्खासारखा तुलना करत बसलो!

शेटजींवर माझा संताप आहेच. पण साहेब कधी येणार हे फक्त सरकारी कचेरीला ठाऊक असतं, आणि कचेरीतली मंडळी रोज इथंच माझ्या शेजारी बसून पेपर वाचतात. शेटजींना तपासणीचा दिवस कोण कळवतं?