तीन मिनिटं पुढे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याकडे हे काम शिकलो त्या वडिलांना तर मुळीच नाही. ते गेले तेव्हा दुःखाच्या आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं — इतका मी भित्रा आहे.

गिरगावात जिन्याखाली माझं घड्याळांचं दुकान आहे. जुन्या पॉकेट वॉचचं मशीन काढून मी ते मनगटावरच्या नव्या डबीत बसवतो. मागे काच लावतो, म्हणजे आतलं चाक डोलताना दिसतं. लोकांना आजोबा हातावर बांधून मिरवायचे असतात. मिरवू देत, माझं घर त्यावर चालतं.

सुलभाताई डिलाईल रोडच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. वडील गिरणीत टाइमकीपर होते, त्यांचं घड्याळ रुमालात गुंडाळून आणलं आणि मला बजावलं, "दिवसाला तीन मिनिटं पुढे पळतं. ते दुरुस्त करू नका हं. बाबा म्हणायचे, माणसाने वेळेच्या पुढेच असावं."

त्याला सहा वर्षं झाली. मशीन डबीपेक्षा केसभर मोठं निघालं. अशा वेळी डबी आतून कोरायची. जुन्या मशीनला कानस लावायची नाही — वडिलांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. पण डबी चकचकीत, परदेशातून मागवलेली, आणि मला घाई. कसली घाई होती? आता आठवतही नाही. मशीन न खोलताच मी त्याची कड घासायला घेतली. हात सटकला. कानस थेट चाकात घुसली. चाक वाकलं, आस मोडला.

तेव्हाच फोन करायला हवा होता ना? नाही केला. त्याच कंपनीचं, त्याच आकाराचं एक बेवारशी मशीन खणात पडलेलं होतं. ते बसवलं. ते बिचारं अगदी वेळेवर चालायचं. मग मी आठवडाभर खपून त्याला दिवसाला तीन मिनिटं पुढे पळायला शिकवलं. कानस हातून सटकली होती. हे मात्र मी केलं.

दोन दिवस वापरून सुलभाताई परत आल्या आणि रडल्या. "बाबांची खोड गेली नाही बघा." तेव्हापासून दर गणपतीच्या आधी त्या तेलपाण्याला येतात, येताना नारळाच्या वड्या आणतात. पायरीवर त्यांची काठी वाजली की मी भिंग डोळ्याला लावून कामात असल्याचं दाखवतो. चोराच्या मनात चांदणं. वड्या मात्र खातो.

परवा त्या बाबांच्या घड्याळाची जुनी रिकामी डबी घेऊन आल्या. झाकणाच्या आत कुण्या कारागिराने मशीनचा नंबर ओरखडून ठेवला होता. आम्ही तसं करतोच, डबी आणि मशीनची ताटातूट होऊ नये म्हणून. सहा वर्षं मी त्या झाकणाला भीत होतो.

"भाच्याला नंबर हवाय, घड्याळ किती जुनं ते शोधायचंय त्याला. मला बारीक दिसत नाही आता, तुम्हीच वाचा. घड्याळाशी जुळतो का तेही बघा."

त्यांनी हातातलं घड्याळ काढून दिलं, मी भिंग लावलं. झाकणावरचा नंबर सातवर संपत होता, मागच्या काचेतून दिसणारा मशीनवरचा दोनवर. त्या निवांत बघत होत्या. त्यांना थोडा संशय असता तर बरं झालं असतं. मी झाकणावरचा नंबर मोठ्याने वाचला. मग घड्याळ भिंगाखाली धरलं आणि त्या दोनकडे बघत पुन्हा तोच नंबर वाचला.

"जुळला ना?"

"जुळला."

त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि एक वडी माझ्या हातावर ठेवली. त्यांच्या बाबांचं मशीन माझ्या पायाशी, खालच्या खणात होतं. अजून तिथेच आहे.