लहूचे पुढचे चार दात

मी ढोल वाजवतो. माझे दात उद्या सगळे गळाले तरी ढोलाला काय फरक पडत नाय. लहूचं तसं नाय. लहू क्लारनेट वाजवतो, म्हणजे वाजवायचा. खालचा ओठ आत दुमडायचा, वरचे पुढचे दात फुंकायच्या तोंडीवर टेकवायचे आणि मग फुंकायचं. वाकोल्याच्या एकाच बँडमध्ये आम्ही दोघं बत्तीस वर्षं आहोत, आणि ते दात टेकवावे लागतात ही एवढी साधी गोष्ट मला गेल्या वर्षी कळली.

चौदा एप्रिलला आमच्या विहारासमोरून मिरवणूक निघते. निघायच्या आधी लहू एकटा पुढे उभा राहून बुद्धवंदनेची चाल वाजवायचा. ढोल गप्प, ताशा गप्प, माणसं गप्प. त्याच्या आधी त्याचा बाप वाजवायचा. लग्नाच्या वरातीत काय, नाचणारे सांगतील ते वाजवायचं. पण ही पाच मिनिटं लहूची स्वतःची. वर्षभर तो त्या पाच मिनिटांवर जगायचा असं मी म्हटलं तर त्याची बायको द्रौपदी माझ्यावर चिडेल, पण खरं तेच आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. थुंकी लाल दिसली की हा मशेरी जास्त लावायचा. मशेरीने जरा बधिर होतं, याला वाटायचं बरं झालं. दुखतं म्हणून पुढच्या दातांना ब्रश लावायचा पण सोडला. मी म्हटलं, "डॉक्टरकडून दात साफ करून घे रे." तर म्हणे, "साफ केले की ढिले होतात. आईचे तसेच गेले." अरे, आईचे हलत होते म्हणून तर ती डॉक्टरकडे गेली होती. पण या शहाण्याला कोण सांगणार.

मग दात हलायला लागले. तेव्हा या बाबाने काय करावं? क्लारनेटचे तुकडे एकमेकांत बसतात तिथलं बूच झिजलं की वाजवणारे त्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळतात. घट्ट बसतं, हवा सुटत नाय. लहूने तोच दोरा घेतला आणि आरशासमोर बसून पुढचे चार दात एकमेकांना बांधून टाकले. दोरा काळा पडला की नवा बांधायचा. असा तीन वर्षं वाजवत राहिला, माझ्या शेजारी उभा राहून. मिशी मोठी आणि हसणं कमी, त्यामुळे मला दिसलं नाय. याचा राग त्याच्यावर जास्त की माझ्यावर, ते माझं अजून ठरलेलं नाय.

गेल्या नोव्हेंबरात साकीनाक्याला एका वरातीत तो मधेच थांबला. बघतो तर तोंडीवर रक्त आणि पू, ओठ सुजून हा एवढा. दुसऱ्या दिवशी मी त्याला हाताला धरून दातांच्या कॉलेजात नेला.

तिथली डॉक्टर उत्तरा, वयाने आमच्या पोरींएवढी. तिने फोटो काढले, रक्तातली साखर तपासायला सांगितली. मग दोरा कापायला बसली. दोरा हिरडीत रुतला होता, वर आलेलं मांस बाजूला करून एकेक धागा ओढून काढावा लागला. 

"वाचवायला काय काय करता येईल ते सगळं सांगा," लहू म्हणाला.

तिने सगळं सांगितलं, घाई केली नाय. हिरडी बधिर करून मुळांवरचं किटण खरवडून काढता येतं. त्याने भागलं नाही तर हिरडी उघडून आतून साफ करायची, खड्डा असेल तिथे हाड भरायचं. "खालचे आणि मागचे दात यानं राहतील, पण मशेरी सोडायची आणि रोज ब्रश करायचा. हे पुढचे चार मात्र राहणार नाहीत. त्यांना धरायला हाडच उरलेलं नाही."

"आणि ते स्क्रूचे दात?"

"त्यालाही हाडच लागतं. हिरड्या आधी बऱ्या व्हायला हव्यात, साखर ताब्यात हवी. वर्ष जाईल आणि तरी खात्री देता येणार नाही. आत्ता काढायचे आणि कवळी बसवायची, एवढंच."

लहू म्हणाला, "बांधून नाय ठेवता येणार?"

तिने कापलेला दोरा ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाली, "आम्हीही बांधतो, काका. पण आधी साफ करून, बारीक तारेने, हिरडीला लागू न देता. तीन वर्षांपूर्वी आला असता तर मीच बांधून दिले असते."

वरातीमागून घोडं, दुसरं काय.

"कवळीने क्लारनेट वाजतो का?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू."

डिसेंबरात चारही दात काढले. लहू रडला नाय. मशेरीचा डबा त्याने स्वतः फेकला, बाकीचे दात साफ करून घ्यायला पाच वेळा गेला. फेब्रुवारीत कवळी आली. तोंडी टेकवली की कवळी मागून उचकटायची आणि क्लारनेटमधून नुसतं चीं निघायचं. कवळी काढून दोन्ही ओठ दुमडून पण बघितलं. सूर यायचा, दोन श्वासांत फुटायचा. महिनाभर रोज बसला आणि मग बसायचा बंद झाला.

पुढची अक्कल माझी. मुलुंडचा हर्षद चांगला क्लारनेट वाजवतो, त्याला सांगून ठेवला. लहूला म्हटलं, "तू नेहमीसारखा पुढे उभा राहा, बोटं फिरव. हर्षद मागच्या रांगेतून वाजवेल. तुझी जागा तुझीच राहू दे."

"नको रे धोंड्या."

"लोक विचारतील, काय सांगणार?"

शेवटी उभा राहिला. पांढरा ड्रेस, क्लारनेट ओठाला, बोटं एकदम बरोबर फिरत होती. मागून हर्षदने चाल वाजवली. झकास वाजवली, खोटं का बोला. पाच मिनिटं सगळे गप्प उभे होते.

चाल संपली तशी सखुबाई पुढे आली. ही म्हातारी दरवर्षी विहाराच्या पायरीवर बसते, लहूच्या बापाचं वाजवणं ऐकलेली. तिने लहूच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. "लहू, बाळा, आजच्यासारखं कधीच वाजवलं नव्हतंस. तुझा बाप आठवला."

लहूने ओठ मिटूनच मान हलवली. मिरवणूक निघाली, मी ढोलावर हात टाकला. सिग्नलपर्यंत तो रांगेत बोटं फिरवत आला. मग माझ्या कानाशी वाकला.

"मला वाटायचं, मी वाजवायचा थांबलो तर लोकांना ऐकूनच कळेल."

आणि रडायला लागला, सगळ्यांसमोर, क्लारनेट छातीशी धरून. मीच त्याला पुढे उभा केला होता. काही बोलायला पाहिजे होतं, पण ढोल थांबला तर अख्खी मिरवणूक थांबते, म्हणून मी वाजवत राहिलो.